घरच्या घरी गर्भाशयमुखाची तपासणी: शिबिराला न येणाऱ्या बायकांपर्यंत किट न्यायचं कसं

शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासायला बायका रांग लावतात. पडद्यामागच्या टेबलावर झोपायचं म्हटलं की तीच रांग विरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी केली होती. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. देशात दरवर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि ऐंशी हजारांच्या घरात मृत्यू होतात. हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि विषाणू शिरल्यापासून कर्करोग व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच लागतात. इतका वेळ हातात असताना बाई शेवटच्या टप्प्यात मिरजेच्या किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात पोचते, ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे, म्हणूनच ती सहन होत नाही.

स्वतः नमुना घेण्याची पद्धत या अडचणीवर नेमकी उतरते. बाई आपल्या घरात, दार लावून, मऊ टोकाची एक काडी योनिमार्गात फिरवते आणि नळीत घालून परत देते. प्रयोगशाळेत त्या नमुन्यात एचपीव्ही या विषाणूचे धोकादायक प्रकार आहेत का ते पाहतात. तपासणी पीसीआर पद्धतीची (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) असेल तर बाईने घेतलेला नमुना आणि डॉक्टरांनी घेतलेला नमुना यांच्या निकालात फारसा फरक पडत नाही. काडी गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नसते, कारण तिथल्या पेशी आणि विषाणू गळून योनीतल्या स्रावात येतातच. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया या देशांनी ही पद्धत सरकारी कार्यक्रमात घेतली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला मान्यता दिली आहे. अर्जेंटिनातल्या हुहुई प्रांतात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन किट दिलं तिथे ८६ टक्के बायकांची तपासणी झाली. नुसतं दवाखान्यात या असं सांगितलं तिथे २० टक्के. घरोघरी फिरणारी आशा हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं बळ आहे, ते यामुळेच.

पुढचं सगळं आशा, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. काडी फिरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. काम फसतं ते किट वाटण्याआधी आणि रिपोर्ट आल्यानंतर.

किट आणण्याआधी

पहिला हिशोब पुढच्या उपचाराचा. समजा एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत ५०० किट वाटली आणि त्यातली ४०० परत आली. तिशीच्या पुढच्या बायकांमध्ये शंभरात पाच ते दहा जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो असं धरलं, तर २० ते ४० बायकांना आतून तपासावं लागणार. त्यांना कोण तपासणार, कोणत्या वारी, कुठे? कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी) करणारे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात आहेत की मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात की कराडला, आणि आठवड्यातून किती जणींना ते वेळ देऊ शकतात? हे वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर बसून लेखी ठरल्याशिवाय एकही किट वाटू नये. पॉझिटिव्ह सांगून बाईला वाऱ्यावर सोडणं हे तपासणी न करण्यापेक्षा वाईट आहे. त्या गावात पुढची पाच वर्षं कुणी किट हातात घेणार नाही.

दुसरा प्रश्न प्रयोगशाळेला. तिथे चार गोष्टी विचारा. तपासणी पीसीआर किंवा त्याच धर्तीची आहे ना? ती स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी पडताळलेली आहे ना? कोणती काडी आणि कोणती नळी चालते? आणि नमुन्यात माणसाच्या पेशी आल्या आहेत की नाही हे यंत्र तपासतं का? हा चौथा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत. ज्या चाचणीत ही सोय नसते, तिथे बाईने काडी पाकिटातून काढून तशीच नळीत घातली तरी रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. लाजून, घाबरून काडी न फिरवणाऱ्या बायका असतातच. पेशी तपासणारी चाचणी अशा नमुन्याला ‘अवैध’ म्हणते आणि आपल्याला पुन्हा जाता येतं.

क्षयरोगासाठी बऱ्याच ठिकाणी ट्रूनॅट यंत्रं आलेली आहेत आणि त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते यंत्र असेल तर जरूर विचारा, पण वरचे चार प्रश्न त्यालाही लागू आहेत. आणि एक लक्षात ठेवा: या नमुन्यावर पॅप तपासणी (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) होत नाही. पॅपला गर्भाशयमुखावरच्या पेशी तिथूनच खरवडून घ्याव्या लागतात. एखादी लॅब ‘आम्ही यावरच पॅप करून देतो’ म्हणाली तर दुसरी लॅब शोधा.

काडी शक्यतो कोरड्या नळीतली घ्या. काही किटमध्ये नळीत द्रव असतो आणि त्यातल्या काही द्रवांत मिथेनॉल असतं. ते पेट घेतं आणि पोटात गेलं तर विषारी आहे. चूल, लहान मुलं आणि एका खोलीचा संसार असलेल्या घरात अशी नळी ठेवायला देऊ नये. कोरडी काडी सांडत नाही, वास येत नाही, पोलक्याच्या आत लपवून आणली तरी बिघडत नाही.

एका पाकिटात एवढं हवं: बंद वेष्टनातली काडी, झाकणाची नळी, एकाच क्रमांकाची दोन बारकोड लेबलं, झिपची पिशवी, चित्रांचं पत्रक आणि वर एक जाड, आतलं न दिसणारी पिशवी. १०० बायकांमागे ११० संच धरा. काड्या खाली पडतात, नळीचं झाकण तडकतं, दोन-चार नमुने अवैध निघतात. जत तालुक्याच्या पूर्व भागात पत्रक कन्नडमधूनही लागेल.

यादी: न येणाऱ्या नेमक्या कोण

गावात गेल्यावर किट मागायला पुढे येतात त्या बचत गटातल्या, बोलक्या, पस्तिशीच्या बायका. त्यांनाही द्यायचंच, पण हे काम ज्यांच्यासाठी काढलं त्या त्या नव्हेत. म्हणून आशाच्या कुटुंब नोंदवहीवरून ३० ते ६५ वयाच्या सगळ्या बायकांची यादी काढा आणि ज्यांची तपासणी कधीच झालेली नाही त्यांच्यावर खूण करा. या यादीत पन्नाशीच्या पुढच्या, विधवा आणि टाकलेल्या बायका हटकून सापडतात. ‘आता मला कशाला, पाळी जाऊन धा वर्सं झाली’ असं म्हणणारीला विषाणू तिशीतच लागलेला असू शकतो आणि धोका आत्ताच्या वयात असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांमध्ये हा रोग लवकर वाढतो. त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करायची असते. ते काम एआरटी केंद्राच्या (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) समुपदेशकाबरोबर करा, गावातल्या यादीत वेगळी खूण करू नका.

हंगाम पाहून निघावं लागतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यांवर पावसाळ्यात किट देता येईल, पण वेळेत परत आणता येणार नाही. माण, खटाव, आटपाडीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, त्यांच्याकडे त्याआधी जायला हवं. ऊसतोडीच्या टोळ्या मात्र दिवाळीनंतरच येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कारखान्याच्या तळावर कोप्या (टोळीच्या झोपड्या) उभ्या राहिल्या की पहिल्या महिन्यातच किट द्या, म्हणजे रिपोर्ट, तपासणी आणि उपचार टोळी हलायच्या आत होतील. फेब्रुवारीत वाटलेल्या किटचा रिपोर्ट येईपर्यंत बाई बीडला पोचलेली असते. मुकादमाला कामाचा अंदाज द्यावा, पण नावं आणि निकाल त्याच्यापर्यंत जाता कामा नयेत.

मानधनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वाटलेल्या किटवर पैसे दिले तर किटं वाटली जातात. परत आलेल्या नमुन्यावर आणि पॉझिटिव्ह बाईला तपासणीपर्यंत नेण्यावर दिले तर काम पूर्ण होतं. दोन-दोन हेलपाटे आशाच मारते, तिचा दिवस फुकटचा नाही.

दारात विचारायचे प्रश्न

सकाळी दहा ते दुपारी चार बायका रानात. द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या दिवसांत तर संध्याकाळी सातशिवाय घर सापडत नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जा. सासू समोर असेल तर तिलाही किट द्या. ती ६५ च्या आत असेल तर तीही यादीत आहेच. सासूने करून दाखवलं की सुनेचा प्रश्न बहुधा मिटतो.

किट देण्याआधी बाईला बाजूला घेऊन विचारा. संबंधानंतर रक्त जातं का? पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलंय का? दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडतात का? अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का? आशा भरते त्या सीबॅक फॉर्ममध्ये हे प्रश्न आहेतच. यातलं एकही ‘हो’ असेल तर किटवर समाधान मानू नका. तिला आतून तपासायलाच हवं आणि तेही याच आठवड्यात. अशा बाईचा एचपीव्ही रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून ती घरी बसली तर आपणच तिचा वेळ घालवला असं होईल.

गरोदर असेल, किंवा बाळंतपण वा गर्भपात होऊन तीन महिने झाले नसतील, तर नंतर. अंग बाहेर येत असेल तर केंद्रात डॉक्टरीणबाईंकडून तपासून घ्या. तांबी बसवलेली असेल तरी काडी फिरवायला हरकत नाही, ती हलत नाही. कधीच संबंध न आलेल्या बाईला धोका फार कमी असतो, तिला आग्रह करू नये आणि कारणही विचारू नये.

‘पिशवी काढली आहे का?’ हा प्रश्न कधीच सोडू नका. ‘हो’ म्हटलं तरी तिथे थांबू नका, डिस्चार्ज कार्ड पाहायला मागा. पिशवी तोंडासकट काढली असेल आणि कारण कर्करोगाशी संबंधित नसेल, तर या तपासणीची गरज उरत नाही. वरचा भाग काढून तोंड ठेवलं असेल तर तपासणी लागतेच. आणि ऑपरेशन गर्भाशयमुखाच्या बिघाडासाठी झालं असेल, तर तिचा पाठपुरावा डॉक्टरांनी करायला हवा. बीडकडच्या ऊसतोड बायकांमध्ये कमी वयात पिशवी काढण्याचं प्रमाण मोठं असल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. कोप्यांवर काम करताना ही चौकशी फार हळुवारपणे करा. कित्येकींना आपलं नेमकं काय काढलं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नमुना कसा घ्यायचा

पाळी चालू असेल तर थांबा, रक्तामुळे चाचणी बिघडू शकते. पाळी संपून दोन-तीन दिवस झाले की घ्या. योनीत ठेवायची गोळी किंवा मलम चालू असेल तर ते संपल्यावर दोन दिवसांनी. आदल्या दिवशी आतून धुऊ नये. आदल्या रात्री संबंध टाळले तर बरं, पण तेवढ्या कारणावरून बाईला परत पाठवू नका. पुन्हा ती सापडेलच असं नाही.

जागा कुठली? न्हाणी, संडास, आतली खोली, जिथे कडी लागते ती. कडीच नसलेल्या घरात शेजारणीची न्हाणी किंवा अंगणवाडीची खोली बघा. आशाने दाराबाहेर बसावं आणि हाक आली तर उत्तर द्यावं, आत जाऊ नये.

बाईला सांगायचं ते या क्रमाने, पत्रकातल्या चित्रावर बोट ठेवून.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नळीचं झाकण आधीच सैल करून ठेवा, नाहीतर काडी हातात आणि झाकण घट्ट अशी तारांबळ होते.

नमुना घेताना शरीर कसं ठेवायचं याच्या तीन पद्धती आहेत. एक पाय बादलीवर किंवा पाटावर ठेवून उभं राहणं, संडासला बसतो तसं उकिडवं बसणं, किंवा पाठीवर झोपून गुडघे वर घेणं. तरुण बायकांना पहिली सोपी जाते. वयस्क किंवा गुडघे दुखणाऱ्या बाईने झोपूनच घ्यावं. नऊवारी नेसणाऱ्या आजींना कासोटा सोडावा लागतो, हे आधीच सांगा. नाहीतर एका हाताने लुगडं सावरत, दुसऱ्या हाताने कशीबशी काडी घालून त्या मोकळ्या होतात आणि तो नमुना वाया जातो.

वेष्टन दांड्याच्या बाजूने फाडा. काडीवर मध्ये लाल खूण किंवा खाच असते, तिथे अंगठा आणि पहिल्या बोटाने पेनासारखी धरा. मऊ टोकाला हात लावायचा नाही, काडी कुठे टेकवायचीही नाही. जमिनीवर पडली तर ती टाकून नवी घ्या. पुसून किंवा धुऊन वापरू नका.

दुसऱ्या हाताने बाहेरच्या पाकळ्या बाजूला करा आणि काडी हळूच आत सरकवा. दिशा महत्त्वाची आहे: सरळ वर नाही, कमरेच्या मागच्या हाडाकडे तिरकी. सरळ वर रेटली की ती अडते, टोचते आणि बाई तिथेच सोडून देते. साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे मधल्या बोटाची दोन पेरं, आत गेली की पुरे. लाल खूण अंगापाशी आली की थांबा. अडलीच तर जोर न लावता थोडी मागे घ्या, श्वास सोडा, दिशा बदलून पुन्हा सरकवा.

आता काडी एकाच दिशेने, कडांना घासत, गोल फिरवा. मनात सावकाश वीसपर्यंत आकडे मोजत फिरवायचं, साधारण २० ते ३० सेकंद. सगळ्यात जास्त नमुने इथेच कमजोर होतात, कारण बाई काडी घालते आणि लगेच काढते. मोठ्याने आकडे म्हणायला सांगितलं तर बाहेर बसलेल्या आशालाही अंदाज येतो. दुखायला नको, गुदगुल्या झाल्यासारखं किंवा थोडं चोळवटल्यासारखं वाटतं.

बाहेर काढून काडी थेट नळीत घाला, टोक खाली. नळीच्या तोंडाला, बोटाला, साडीला लागू देऊ नका. काही काड्या खुणेवर मोडून आत टाकायच्या असतात, काहींचा दांडा झाकणालाच जोडलेला असतो. आपल्या किटचं जे असेल तेच पत्रकात दाखवलेलं हवं. दोन वेगळ्या किटची पत्रकं एकमेकांत मिसळणं ही नेहमीची गफलत आहे. झाकण घट्ट लावा, नळी झिपच्या पिशवीत घाला, हात धुवा.

काडीवर काहीच दिसलं नाही तरी घाबरायचं कारण नाही, पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. पांढरट चिकट लागलं तरी चालतं. रक्ताचा पुसटसा डाग आला तर तो आपोआप थांबतो, पण फॉर्मवर ‘रक्त दिसले’ असं लिहा. जास्त रक्त आलं, तर त्याच दिवशी केंद्रात दाखवा. पाळी गेलेल्या बायकांना कोरडेपणामुळे चुरचुरतं. त्यांना झोपून, सावकाश घ्यायला सांगा, पण तेल, व्हॅसलीन, खोबरेल काहीही लावू देऊ नका. त्यानेही चाचणी बिघडू शकते.

दोन भीती जवळजवळ प्रत्येक घरात निघतात. पहिली, काडी आत हरवेल ही. ती हरवणार नाही. योनिमार्ग वरच्या टोकाला बंद असतो, पोटात जायला वाटच नाही. आणि ‘मला नीट जमलं नसेल’ या शंकेवर उत्तर असं की प्रयोगशाळा नमुना अवैध ठरवेल आणि आपण दुसरं किट देऊ. समजावूनही जी म्हणते ‘तुम्हीच घ्या’, तिच्यासाठी केंद्रात आरोग्यसेविकेची सोय ठेवा.

लेबल आणि प्रवास

लेबल बाईच्या घरीच, तिच्यासमोर, नमुना देण्याआधी नळीवर चिकटवा. जोडीचं दुसरं तिच्या फॉर्मवर. उपकेंद्रात संध्याकाळी बसून वीस नळ्यांवर लेबलं लावायची सवय घातक आहे. एका घरात सासू, सून आणि जाऊ तिघी असतील तर तिघींना एकदम नळ्या देऊ नका. एकीची नळी पिशवीत बंद झाली की दुसरीची उघडा. आडनाव एक, गाव एक, वयं अंदाजाने सांगितलेली, आणि आधारवर माहेरचं नाव. इथे एकदा अदलाबदल झाली की निरोगी सून मिरजेला जाते आणि आजारी जाऊ घरी राहते. फॉर्मवर बाईचं पूर्ण नाव, आधारवरचं नाव आणि कुणाच्यातरी फोनचा नंबर असावा.

किट देऊन परत यायचं असेल तर तिसऱ्या दिवशी जा. आठवडा झाला की पाकीट कपाटात जातं आणि विसरलं जातं. जमत असेल तर तिथेच थांबून लगेच नमुना घेतलेला सगळ्यात चांगला.

कोरडी काडी साध्या तापमानाला टिकते, बर्फाची गरज नाही. पण एप्रिल-मेमध्ये जत किंवा दहिवडीच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत किंवा जीपच्या काचेपाशी ठेवलेल्या नळ्या साध्या तापमानाला नसतात. सावलीत, कापडी पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला एक फेरी लॅबला जाईल असं बसवा. किती दिवस चालतं ते किटच्या पत्रकात असतं, तोच शब्द शेवटचा. खराब झालेल्या काड्या चुलीत किंवा उकिरड्यावर न टाकता केंद्रातल्या पिवळ्या पिशवीत द्या.

रिपोर्ट सांगताना

किट देतानाच ठरवून घ्या: निरोप कुणाच्या फोनवर, कोणत्या वेळी, आणि फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. फोन बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. रिपोर्ट मेसेजने पाठवू नका. ‘उपकेंद्रात या, ताईंनी बोलावलंय’ एवढंच.

निगेटिव्ह असेल तर तेही सांगितलंच पाहिजे. रिपोर्टच आला नाही अशा बायका पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. पुढची तपासणी पाच वर्षांनी, आणि मध्ये रक्त जाणं किंवा वासाचं पाणी जाणं सुरू झालं तर पाच वर्षं थांबायचं नाही, ही दोन्ही वाक्यं एकत्रच बोला.

पॉझिटिव्ह बाईला समोर बसवून, एकटीला सांगा. कानाला एचपीव्ही आणि एचआयव्ही सारखंच ऐकू येतं आणि त्या घोटाळ्यात संसार मोडू शकतो, म्हणून विषाणूचं नाव घेण्याआधी तो कोणता नाही ते सांगा. शब्द साधे ठेवा: ‘आक्का, तपासणीत एक विषाणू सापडलाय. ह्यो कॅन्सर न्हाई, आन् एड्सचा विषाणू बी न्हाई. बहुतेक बायकांच्या अंगातनं त्यो आपोआप जातो. तुमच्यात त्यानं काही बिघाड केलाय का, ते डॉक्टरीणबाई आतनं बघतील. धा-पंधरा मिन्टाचं काम हाय. मंगळवारी मी तुमच्यासंगं येते.’ वार आणि ‘मी संगं येते’ हे दोन्ही ठरलेलं असेल तरच हे बोलणं पुरं होतं.

नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय येतो, तोही आधीच मिटवा. हा विषाणू वर्षानुवर्षं शांत पडून राहू शकतो. आज सापडला म्हणून तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतो. मुलीला लस दिली असेल म्हणून आईची तपासणी चुकत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागणारच.

पॉझिटिव्हनंतर

महिन्याभरात आतून तपासणी व्हावी. रिपोर्टमध्ये १६ किंवा १८ प्रकार वेगळा दाखवला असेल तर ती बाई यादीत सगळ्यात वर आणि थेट कोल्पोस्कोपीला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. बाकीच्यांसाठी प्राथमिक केंद्रात ‘व्हाया’ करता येते: ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते पाहायचं. मात्र पाळी गेलेल्या बायकांमध्ये बिघाड होणारी जागा आत सरकलेली असते आणि व्हायामध्ये दिसतच नाही. पन्नाशीच्या पुढच्यांना कोल्पोस्कोपीलाच पाठवा.

चट्टा लहान असेल, पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल तर थर्मल अ‍ॅब्लेशनने तो त्याच दिवशी जाळता येतो. तापवलेली टोपी अर्ध्या मिनिटाच्या आसपास टेकवायची. भूल लागत नाही, पोटात कळ येते. नंतर महिनाभर पाण्यासारखा स्राव जातो, तेवढे दिवस संबंध टाळायचे. हे नवऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेलं बरं, सगळा भार बाईवर टाकू नये. चट्टा मोठा असेल किंवा आत जात असेल तर लीप (विजेच्या तारेच्या फासाने बिघडलेला भाग काढणं) किंवा तुकडा काढून तपासणी, आणि ती मोठ्या रुग्णालयात.

हे सगळं केल्याने फरक पडतो याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. तिथे नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी आणि पुढचा उपचार यांमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ‘पुढचा उपचार’ हे शब्द तितकेच महत्त्वाचे आहेत.

नोंदवहीत शेवटचे तीन रकाने मोकळे दिसले की ते काम अर्धवट आहे असं समजा: आतून तपासणीची तारीख, काय केलं, आणि पुन्हा कधी. उपचार झालेल्या बाईची एचपीव्ही तपासणी १२ महिन्यांनी. पॉझिटिव्ह आली पण आतून काही सापडलं नाही, तर २४ महिन्यांनी. त्या तारखा पुढच्या वर्षाच्या वहीत आजच उतरवून ठेवा. ऊसतोडीची बाई असेल तर रिपोर्टची प्रत, बारकोड क्रमांक आणि पुढची तारीख तिच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात द्या, आणि तिची परवानगी घेऊन तिच्या गावच्या आशाला फोन करा.